दाराच्या आतले मास्तर

"माणसाची संस्कृती त्याच्या ग्रंथालयात दिसत नाही, नाट्यगृहात दिसत नाही आणि सभागृहात तर मुळीच दिसत नाही," अधीक्षक म्हणाले. मग पुरेसा विराम घेऊन त्यांनी टेबलावर तळहात आपटला. "ती दिसते शौचालयात!"

त्याच क्षणी वरच्या मजल्यावर काहीतरी काडकन मोडलं. पाठोपाठ परक्या भाषेतला एक उद्गार आला. भाषा कळली नाही, पण कळवळा कळला.

"दिसली," सफाईच्या मावशी म्हणाल्या आणि झाडू घेऊन उठल्या.

कोपऱ्यात रंगाच्या उपड्या डब्यावर बसलेल्या पेंटरला हसू आलं, पण त्याने ते ब्रश पुसायच्या फडक्यात दाबून टाकलं. वसतिगृहातल्या खोल्यांचे आकडे रंगवणं, 'येथे सायकली लावू नयेत' लिहिणं, आणि तरीही लागलेल्या सायकलींकडे दुर्लक्ष करणं ही त्याची नोकरी. एरवी त्याला बैठकीला कोणी बोलावत नसे. आज बोलावलं होतं, म्हणजे काहीतरी आपल्या गळ्यात पडणार, एवढं त्याने ओळखलं होतं.

वसतिगृह होतं पूल बांधायला शिकवणाऱ्या संस्थेचं. देशोदेशीचे इंजिनिअर तिथे येऊन राहत. एवढा थोरला पूल दोन काठांच्या मध्ये कसा तोलून धरायचा, हे गणित त्यांना तोंडपाठ. पण प्लास्टिकच्या सीटवर बुटांसकट चढून उकिडवं बसलं तर तिचं काय होतं, हे गणित मात्र कोणी करून बघत नसे.

इमारत बांधणाऱ्याने कोणाचंच मन दुखवायचं नाही असं ठरवून प्रत्येक मजल्यावर दोन्ही सोयी केल्या होत्या: एक जमिनीतला, एक खुर्चीवाला. परिणामी सगळ्यांचीच मनं दुखावली. जमिनीतल्यावर बसायची सवय असलेले रांग टाळायला खुर्चीवाल्यात शिरत आणि वर चढत. खुर्चीची सवय असलेले चुकून जमिनीतल्यात शिरले की बराच वेळ आत उभेच राहत. काही जण दाराकडे तोंड करून बसत, काही भिंतीकडे. आणि दोघांनाही दुसऱ्याच्या घरच्या वळणाबद्दल शंका येई. कोणाला कागद हवा, कोणाला पाणी. ज्यांच्या देशात सांडपाण्याचे नळ अरुंद, ते कागद टोपलीत टाकत. ज्यांच्या देशात रुंद, ते भांड्यात टाकत. आणि इथले नळ अरुंद असल्यामुळे मावशी दोघांच्याही नावाने शंख करत. पाण्याच्या लवचीक नळीने एक गृहस्थ रोज बूट धुवायचे. दुसरे एक इतके लाजाळू, की आतला आवाज बाहेर जाऊ नये म्हणून बसण्याआधीच टाकी ओढत, बसल्यावर पुन्हा ओढत, आणि उठल्यावर खऱ्या कामासाठी ओढायची वेळ आली की टाकीत थेंब नसे.

"सूचना लिहून झाल्या, सगळ्या भाषांत झाल्या," अधीक्षक म्हणाले. "लोक वाचतात, मान डोलवतात आणि वर चढतात. आता चित्र हवं. बिनशब्दांचं. जगातल्या कोणाही माणसाला कळेल असं. पेंटर, जमेल?"

"जमेल की साहेब," पेंटर म्हणाला. आयुष्यात त्याला पहिल्यांदाच कोणी चित्र काढायला सांगत होतं. चित्र कुठे लागणार, हा तपशील त्याने मोठ्या मनाने बाजूला ठेवला.

*

घरी चित्रकलेला पोषक वातावरण नव्हतं. घरी सासरे होते.

सासरे म्हणजे निवृत्त बँडमास्तर. उभा बांधा, दोन्ही टोकांना पीळ दिलेली मिशी, आणि घरात दोनच माणसं असली तरी परेडला पोचेल असा आवाज. सासूबाई गेल्यावर मुलीने त्यांना आपल्याकडे आणलं होतं. जावयाबद्दल त्यांचं मत ठाम होतं आणि ते जावयासमोरच मांडायचं, अशी त्यांची सचोटी होती.

"जावईबापूंनी आयुष्यात काय केलं?" ते विचारत. "दुसऱ्यांच्या दुकानांवर दुसऱ्यांची नावं लिहिली."

"बाबा, पुरे," पेंटरची बायको म्हणे.

"मी तक्रार करतोय का? अक्षर चांगलं आहे."

पण सध्या घरातला प्रश्न अक्षराचा नव्हता, मास्तरांच्या गुडघ्यांचा होता. घरातला संडास जमिनीतला. रोज सकाळी मास्तर आत जात आणि पेंटरची बायको बाहेर फडकं घेऊन दाराची चौकट पुसत उभी राहे. त्या चौकटीइतकी स्वच्छ चौकट गावात दुसरी नसेल. थोड्या वेळाने आतून हुकूम येई, "सावधान!" हा हुकूम मास्तर स्वतःच्या गुडघ्यांना देत. गुडघे त्यांच्या बँडवाल्यांइतके आज्ञाधारक राहिले नव्हते.

एका सकाळी 'सावधान' झालं, पुन्हा झालं, त्यानंतर बादली गडगडली आणि मग सामसूम.

"बाबा! पडलात का?"

"मी नाही. बादली."

"मग उठा ना."

"विचार करतोय."

"कडी काढा, हे येतात आत."

"जावईबापू आत आले तर मी बाहेर येणार नाही!" आतून गर्जना झाली. पेंटर जागच्या जागी थबकला. दोघं नवराबायको बंद दाराकडे बघत उभे राहिले. शेवटी कडी वाजली, मास्तर भिंतीला धरून बाहेर आले, आणि कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, "आज हवेत दमटपणा फार आहे."

त्या दिवशी जेवताना बायकोने विषय काढलाच. "बाबा, आपण कमोड बसवून घेऊ. किती सोपं होईल तुम्हाला."

मास्तरांनी घास खाली ठेवला. "खुर्चीवर माणूस जेवतो. खुर्चीवर न्यायाधीश निकाल देतो. मी आयुष्यभर बँडपुढे उभा राहिलो, खुर्ची मागितली नाही. आता मागू? आणि तीही ह्या कामाला?"

"अहो, पण पडलात तर—"

"तर पडलो! रविवारी मी माझ्या घरी जातो. तिथे दाराबाहेर कोणी पहारा तरी देत नाही."

आणि त्यांनी खरोखरच ट्रंक काढून बांधायला घेतली.

स्वयंपाकघरात बायको हलक्या आवाजात म्हणाली, "तिथे एकटे पडले तर शेजाऱ्यांना वास आल्याशिवाय कळायचं नाही. काहीतरी करा हो."

"माझं ऐकतील ते?"

"नाही."

"मग?"

"मग मलाही तेच कळत नाहीये," ती म्हणाली आणि उगाच धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला लागली.

*

वसतिगृहात पेंटरने पहिलं चित्र केलं ते रीतसर, गोल डोक्याचं, चेहरा नसलेलं. डावीकडे एक आकृती खुर्चीवर नीट बसलेली. उजवीकडे दुसरी वर चढून बसलेली आणि तिच्यावर लाल फुली. दाराच्या आतल्या बाजूला, बसणाऱ्याच्या बरोब्बर नजरेसमोर ते लावलं. संध्याकाळपर्यंत आणखी एक सीट गेली.

चौकशी झाली. एका गटाने सांगितलं, आमच्याकडे फुली म्हणजे पसंती. मत देतानाही आम्ही फुलीच मारतो. वर चढायला त्यांचा जीव कचरत होता, पण नियम म्हटल्यावर ते चढले. दुसऱ्या गटाला डावीकडची आकृती प्रतीक्षालयाची खूण वाटली होती. त्यांच्यातला एक सज्जन आत खुर्चीवर बसून बराच वेळ कोणीतरी बोलावण्याची वाट बघत होता.

"फुली नको, बाण नको, खूण नको," अधीक्षक म्हणाले. "चांगलं-वाईट सगळीकडे सारखं कशाने कळतं?"

"तोंडावरून," मावशी बादली पिळत म्हणाल्या. "माझं बघा की. मी कुठली भाषा बोलते त्यांच्याशी? पण माझ्याकडं बघितलं की समदे बरोबर पळतात."

हे पेंटरला पटलं. बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर समाधान हवं आणि चढलेल्याच्या चेहऱ्यावर नापसंती. अडचण एकच होती. समोर काही असल्याशिवाय त्याचा हात चालत नसे. मनातला चेहरा काढायला गेला की तो बटाट्यावर जाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कामाला निघाला, तर व्हरांड्यात मास्तर रेडिओ ऐकत बसले होते. ताठ पाठीची लाकडी खुर्ची, दोन्ही पावलं जमिनीवर सपाट, दोन्ही हात गुडघ्यांवर, डोळे अर्धे मिटलेले. रेडिओवर संचलनाची धून चालू होती. चेहऱ्यावर असं समाधान, की जगातलं सगळं सुरात चाललंय.

पेंटर दारामागे उभा राहिला आणि पिशवीतून कागद काढला.

नापसंतीचा चेहरा मिळवायला तर काहीच कष्ट पडले नाहीत. तो पुढे होऊन म्हणाला, "मामा, येतो मी." मास्तरांनी डोळे उघडून जावयाकडे पाहिलं. झालं काम.

चढलेल्याचं अंग तेवढं राहिलं होतं. ते त्याने दुपारी घरी येऊन आरशापुढे स्टुलावर उकिडवं बसून काढलं. बायको कपडे घेऊन आत आली आणि दारातच थांबली.

"काय करताय?"

"ऑफिसचं काम."

ती कपडे तसेच घेऊन परत गेली. वडील ट्रंक बांधतायत, नवरा स्टुलावर चढलाय. एका दिवसाला तेवढं पुरे होतं.

*

चित्र उतरलं मात्र असं, की मावशीसुद्धा झाडू थांबवून बघत राहिल्या. डावीकडे मिशीवाला भारदस्त माणूस खुर्चीवर असा बसलेला, की पलीकडे राष्ट्रगीत चालू असावं. उजवीकडे तोच माणूस वर चढलेला आणि आपण हे काय करून बसलो याची त्याला आयुष्यभराची लाज वाटत असलेली. शब्द नाही, खूण नाही. बघणाऱ्याला कळे, की ह्या माणसाचा शब्द मोडायचा नाही.

आणि कोणी मोडला नाही. सीटा फुटायच्या थांबल्या. चित्राच्या प्रती करून प्रत्येक मजल्यावर लावल्या. जमिनीतल्यासाठीही वेगळं चित्र झालं, त्यात मास्तर दाराकडे तोंड करून बसलेले. भिंतीवाल्यांनी निमूटपणे तोंड फिरवलं. एका देशातली मुलं आत गेल्यावर आधी चित्रापुढे लवत आणि मग बसत. काहींनी समजूत करून घेतली, की हे संस्थेचे संस्थापक. बूट धुणाऱ्या गृहस्थांना ते आरोग्यमंत्री वाटले, आणि त्यांनी नळीचा तो उपयोग सोडून दिला. लाजाळू गृहस्थही टाकी एकदाच ओढायला लागले. एवढा बडा माणूस निःसंकोच बसतो, तर आपण कोण लागून गेलो?

पेंटर खूश होता, पण मनातून धास्तावलेलाही. ज्या माणसाने खुर्चीचं नाव काढलं म्हणून ट्रंक बांधली, त्यालाच आपण साऱ्या जगापुढे खुर्चीवर बसवलंय, तेही त्याला न विचारता. हे कळलं तर रविवारची वाट बघायला नको. ते शनिवारीच जातील, आणि ह्या घराचं तोंड पुन्हा बघणार नाहीत. बायको मग आपलं तोंड बघेल का, हा पुढचा प्रश्न.

त्यामुळे अधीक्षकांनी जेव्हा जाहीर केलं, की शनिवारी दुपारी चित्रासाठी छोटा समारंभ करायचा आणि कर्मचाऱ्यांनी घरच्यांना आणायचं, तेव्हा पेंटर घरी काहीच बोलला नाही. पण मावशी बाजारात बायकोला भेटल्या. मावशींच्या पोटात आजवर काही राहिलं नव्हतं.

"तुमच्या चित्राचा समारंभ, आणि मला बाहेरून कळतं?" बायको म्हणाली. "आम्ही येणार. बाबासुद्धा येणार. जाण्याआधी एकदा बघू देत, जावयाने काय केलंय ते."

"मामांना कशाला त्रास? गुडघे—"

"माझ्या गुडघ्यांना काय झालंय?" व्हरांड्यातून आवाज आला, आणि विषय संपला.

*

वसतिगृहाच्या दारात मास्तरांनी पाऊल ठेवलं आणि ओट्यावर गप्पा मारत बसलेली पाच-सहा मुलं ताडकन उभी राहिली. एकाने सलाम ठोकला. एक कमरेपर्यंत लवला. एकाने छातीवर हात ठेवून डोळे मिटले. एक उंचच उंच मुलगा जिना चढत होता, तो वरून ओरडला, आणि क्षणात प्रत्येक मजल्याच्या कठड्यावर माणसं जमली. टाळ्या सुरू झाल्या.

मास्तर थांबले. त्यांची पाठ, जी आधीच ताठ होती, ती आणखी ताठ झाली. निवृत्त झाल्यापासून त्यांना बघून कोणी उठून उभं राहिलं नव्हतं.

"शिस्तीची पोरं आहेत," ते हळूच म्हणाले. "पण मला ओळखतात कशी?"

"आपला… रुबाबच तसा आहे, मामा," पेंटर म्हणाला.

"ते खरंच म्हणा."

सभागृहात मास्तरांना पहिल्या रांगेत बसवलं. ज्याला त्याला त्यांच्यासोबत फोटो हवा होता, आणि प्रत्येक जण फोटोसाठी खुर्चीवर ताठ बसून गुडघ्यांवर हात ठेवायला लागला. बायको नवऱ्याकडे संशयाने बघू लागली होती. चहा झाला. आग्रहाने दुसरा झाला. आणि अधीक्षक भाषणाला उठतात न उठतात, तोच मास्तर पेंटरकडे झुकून म्हणाले, "जावईबापू, ते… कुठे आहे?"

पेंटर घाईने उठला. "घरीच जाऊ या ना मामा, जवळच—"

"घर जवळ असेल. वेळ नाही."

"जमिनीतला तुंबलाय," मावशी मदतीला धावल्या. "खुर्चीवाल्यात जावा आजोबा. लख्ख केलाय."

मास्तर थांबले. एका बाजूला आयुष्यभराचं तत्त्व होतं आणि दुसऱ्या बाजूला दोन कप चहा. ते आत गेले आणि कडी लागली.

बाहेर पेंटर, बायको आणि मावशी. त्यांच्या मागे हळूहळू अर्धं सभागृह येऊन उभं राहिलं, कारण प्रमुख पाहुणे परत येईपर्यंत भाषण सुरू करणं अधीक्षकांना प्रशस्त वाटेना. बायकोने सवयीने पदराने चौकट पुसायला घेतली.

"आत काय आहे?" तिने विचारलं.

"चित्र," पेंटर म्हणाला.

"कोणाचं?"

पेंटर आपल्या चपलांकडे बघायला लागला. तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, ओळीने उभ्या असलेल्या त्या आदबशीर मुलांकडे पाहिलं, स्टूल आठवलं, आणि तोंडावर पदर घेतला. "अगं बाई! आता जातात ते आज रात्रीच!"

आत सामसूम. मग अजून सामसूम. कोणीतरी खोकलं, त्याला शेजाऱ्याने गप्प केलं. 'सावधान' ऐकायला बायकोने दाराला कान लावला. हुकूम आला नाही. बादली गडगडली नाही. बराच वेळ गेला, आणि एकदम टाकी ओढल्याचा धबधबा ऐकू आला. एकदाच.

कडी निघाली. मास्तर दारात उभे होते. भिंतीला हात नव्हता, कपाळावर घाम नव्हता. एवढी माणसं दाराबाहेर बघून कोणीही बिचकला असता, पण बँडमास्तराला गर्दी नवी नव्हती. त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती जावयावर आणून थांबवली.

"हे कोणी काढलं?"

"ह्यांनीच," मावशींनी क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं.

पेंटर खाली मान घालून म्हणाला, "मामा, चुकलं माझं. तुम्हाला विचारायला हवं होतं. आत्ताच्या आत्ता उतरवतो सगळीकडची."

"सगळीकडची? किती ठिकाणी आहे?"

"सगळ्या मजल्यांवर."

मास्तरांनी वळून दाराच्या आत पुन्हा एकदा पाहिलं. मग तो उंच मुलगा पुढे आला आणि मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाला, "साहेब, आम्ही पूर्वी पडत होतो. तुम्हाला बघून आता पडत नाही."

बायकोने वडिलांकडे पाहिलं. मास्तरांच्या मिशीचं एक टोक किंचित हललं. ते हसणं होतं की दुसरं काही, हे तिला आजवर कधी ओळखता आलं नव्हतं.

"उतरवायची गरज नाही," ते म्हणाले. "मिशी चांगली साधलीय. पाठही बरोबर आहे. उजवीकडचा मात्र मी नाही. मी कधी असा वागलेलो नाही, हे ह्यांना सांगा."

टाळ्यांचा कडकडाट झाला. कोणीतरी शीळ घातली, कोणीतरी संचलनाची धून तोंडाने वाजवायला लागलं, आणि सगळी वरात मास्तरांना पुढे घालून सभागृहाकडे निघाली. अधीक्षकांनी घसा साफ करून संस्कृतीबद्दल बोलायला सुरुवात केली. पण पहिल्या वाक्यालाच लोकांनी मास्तरांनी दोन शब्द बोलावेत असा गिल्ला केला. मास्तर उठले. एरवी ज्या आवाजाने पटांगण हलत असे, त्या आवाजात म्हणाले, "बसा!"

सगळे बसले, पावलं सपाट, हात गुडघ्यांवर. याहून जास्त बोलायची त्यांना गरज वाटली नाही.

*

तिघं चालत घरी निघाले. ऊन उतरलं होतं. पेंटर दोन पावलं मागे चालत होता. ट्रंकेचा विषय कोणी काढावा, हे ठरत नव्हतं.

नळ-फरशांच्या एका दुकानापाशी मास्तर थांबले. काचेमागे पांढरी, निळी, गुलाबी भांडी ओळीत मांडून ठेवली होती. मास्तर हात मागे बांधून, पलटणीची तपासणी करावी तसे त्या ओळीसमोरून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले आणि परत आले.

"पांढरं घ्या," ते म्हणाले. "गुलाबी थिल्लर वाटतं."

"म्हणजे बाबा, तुम्ही—" बायकोने त्यांचा हात धरला. "रविवारी—"

"रविवारी गवंडी येतो का ते बघा. नाही आला तर सोमवारी."

बायको हसली, रडली, आणि दोन्ही एकाच पदराने पुसलं. पेंटरला एकदम काहीतरी मोठं करून दाखवायची उबळ आली.

"मामा, मी घरच्यासाठी खास नवीन चित्र काढतो!" तो म्हणाला. "हे काहीच नाही. तैलरंगात, पुरुषभर उंचीचं, तुमचा गणवेश, पदकं, हातात काठी, मागे सगळा बँड—"

"छान," मास्तर म्हणाले. "अवश्य काढा, जावईबापू. चांगला हात आहे तुमचा. दिवाणखान्यात लावू."

मग त्यांनी मुलगी दुकानाच्या पायऱ्या चढून आत गेल्याची खात्री करून घेतली, जावयाच्या कोपराला धरून त्याला जरा बाजूला घेतलं आणि आवाज, जमेल तितका, खाली आणला.

"पण आत नका लावू. मी समोरून बघत बसलो, की मला लवकर होत नाही."